चार दिवसांची शाळा

माझी शाळा गोठ्याला लागून असलेल्या पडवीत भरायची आणि महिन्यातून चारच दिवस भरायची. ते दिवस कोणते, हे बायकांना सांगायला नको. पुरुष वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगते: कावळा शिवला की आमच्या सासरी सून बाहेर बसे. विहिरीला हात लावायचा नाही, चुलीला नाही, माणसाला तर नाहीच. जेवण दुरून सरकवलेलं, पाणी वरून ओतलेलं, अंथरायला पोतं, आणि सोबतीला दोन बैल आणि एक म्हैस.

मी अमरावतीची, मॅट्रिक झालेली. वडील कचेरीत कारकून होते. पोरीला इंग्रजी येतं याचा त्यांना इतका अभिमान, की पाहुणे आले की ते मला बोलावून इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावत. मला मास्तरीण व्हायचं होतं. ट्रेनिंगचा अर्ज भरायच्या आतच शिरपूरचं स्थळ आलं. घरची कपाशी, ज्वारी, गडीमाणसं, मुलगा निर्व्यसनी. सासऱ्यांनी बैठकीत सांगितलं की आम्हाला शिकलेलीच सून पाहिजे. पाहिजे होती हे खरं, पण कशासाठी, हे विचारायचं आमच्याकडून राहून गेलं. लग्नानंतर घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला जात्यावर बसवलं.

त्या घरात नावं घ्यायची पद्धत नव्हती. मी सून, सासूबाई म्हणजे आत्याबाई, आणि नवऱ्याला मी 'ऐकलं का' एवढंच म्हणायचे. म्हणून इथेही कुणाचं नाव येणार नाही. सवयच मोडली आहे. उजाडायच्या आत दळण, मग पाणी, शेण, गड्यांच्या भाकरी, दुपारी निवडणं-टिपणं, पुन्हा पाणी, पुन्हा भाकरी. घराबाहेर पाऊल टाकायचं ते सासूबाईंच्या मागून, देवळात नाहीतर कुणाच्या मयतीला. माझ्या पुस्तकांच्या ट्रंकेवर ज्वारीची पोती रचलेली होती. मुद्दाम नव्हे, जागा नव्हती म्हणून. पण ती पोती कधी हलली नाहीत. मारझोड नव्हती, उपाशी ठेवणं नव्हतं. तक्रार करावी तर काय म्हणून करावी, हेच समजत नसे, आणि त्यानेच जास्त गुदमरायला व्हायचं.

म्हणून आता सांगायला लाज वाटत नाही, की मी त्या चार दिवसांची वाट बघायचे. त्या दिवसांत मला कुणी काम सांगू शकत नव्हतं. डासांनी फोडून काढलं तरी चालेल, पण मी हात मांडीवर ठेवून नुसती बसू शकत होते. घरच्यांना मात्र मी बाहेर बसले की सुतक आल्यासारखं होई, कारण लग्नाला दोन वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. सासूबाई ताट सरकवताना तोंड फिरवून घेत. मीही मग त्यांच्याकडे न बघता जेवायची.

बावन्न-त्रेपन्न सालचा सुमार असेल. शिरपुरात जैनांचं जुनं देऊळ, त्यामुळे यात्रेकरूंची सारखी ये-जा. सर्व्हिस मोटार थांबायची तिथे एका सिंधी कुटुंबाने पत्र्याचं दुकान टाकलं होतं. बिस्किटं, साबण, कंगवे, आगपेट्या. फाळणीत घरदार टाकून बोटीने आलेली ही माणसं, एका छावणीतून दुसरीत करत इथवर पोचली होती. गाव त्यांना 'निर्वाशी' म्हणायचं. दुकान थोरला भाऊ चालवायचा. धाकटा छावणीतच तापाने गेला आणि त्याची बायको या जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, घरी राहिली. ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. पापड लाटायची आणि टोपलीत घालून घरोघर विकत फिरायची.

पडवीला मागून शेण बाहेर काढायचं एक दार होतं. तिथून ती एक दिवस आत डोकावली. मी पोत्यावर बसून तिच्याच पापडांच्या पुड्याचा कागद वाचत होते. इंग्रजी वर्तमानपत्राचा तुकडा होता, कुठल्याशा बाजारातल्या कापसाच्या भावाचा. तिने आधी विचारलं की मी जनावरांत का बसले आहे. सांगितल्यावर ती खो-खो हसली. त्यांच्याकडे इतकं कडक काही नव्हतं. मग कागदाकडे बोट दाखवून तिने मला इंग्रजी येतं का ते विचारलं. मी हो म्हटल्यावर तिचं हसू एकदम थांबलं आणि ती उंबऱ्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या जावेला आणि शेजारच्या एका सिंधी मुलीला घेऊन आली. माझा वर्ग भरला. जाऊ तिसऱ्या दिवशी खांबाला टेकून घोरू लागली, आणि त्या मुलीचं दोन महिन्यांत लग्न होऊन ती नागपूरला गेली. उरली ती एक.

तिला इंग्रजी कशाला हवं होतं तेही तिने तेव्हाच सांगून टाकलं. रेल्वेने रात्रभर जावं लागेल इतक्या दूर एका मिशनच्या दवाखान्यात एकट्या बायकांना नर्सचं शिक्षण देत होते. राहणं-खाणं तिथेच. छावणीत ओळख झालेली तिची एक मैत्रीण तिथे लागली होती. अट अशी, की तिथली मुख्य मडम विलायतेची, तिच्याशी इंग्रजीत बोलता आलं पाहिजे आणि औषधांवरचं वाचता आलं पाहिजे. ते जमलं नाही तर पुढची वाट ठरलेलीच होती. जेठ वाईट माणूस नव्हता, पण त्याला चार पोरं होती आणि दुकान एवढंसं. त्याने कल्याणकडच्या एका बिजवराशी तिचं बोलणं लावलं होतं. तो तिच्या बापाच्या वयाचा होता आणि त्याला पापड लाटणारी बायको हवी होती.

सासूबाई काय म्हणतील याची मला धास्ती होती. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि न्याय दिला.

"तिले कायचा इटाय लागते? थे तं अशीच देशोदेशी फिरून आलेली हाय. बसू दे."

घरातून हाकललेल्या माणसाला विटाळही सोडून जातो, असं काहीसं त्यांचं शास्त्र असावं. पुस्तकाला मात्र सक्त मनाई. सरस्वती ती, असल्या वेळी हात लावला तर कोप होईल. मी विचारलं, छापलेल्या कागदाचं काय? त्यावर त्या वैतागून म्हणाल्या, की कागद म्हणजे का पुस्तक असते, आगपेटीले का कोनी सरस्वती म्हनते? त्यांच्या या एका बोलण्यावर आमची शाळा उभी राहिली.

ती दुकानातून साबणाचे कागद, चहाचे पुडे, बिस्किटांच्या डब्याची झाकणं आणायची. मी सासऱ्यांच्या खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या जपून ठेवायचे. बामची डबी, डोळ्यांच्या मलमाची नळी, रॉकेलच्या डब्याचा पत्रा, सगळं चाले. मला शिवायचं नाही म्हणून ती वस्तू जमिनीवर ठेवून मागे सरकायची, पार उंबऱ्यापर्यंत. मी पुढे होऊन उचलायची, वाचायची, पुन्हा जमिनीवर ठेवायची आणि मागे सरायची. मग ती पुढे यायची. अक्षरं मी सारवलेल्या जमिनीवर कोळशाने काढायची, ती तिच्या बाजूला तशीच काढायची. सुरुवातीला ती उजवीकडून डावीकडे लिहायची, तिच्या सिंधीसारखं, आणि मी तिच्यावर ओरडायची. चौथ्या दिवशी न्हाण्याआधी ती सगळी जागा मला शेणाने सारवावी लागे. महिन्याचा अभ्यास असा शेणाखाली जायचा.

मला शाळेत इंग्रजी शिकवलं ते मराठीतून. इंग्रजी वाक्य, त्याचं मराठी, पाठ करा, पुढचं वाक्य. मला शिकवायची तीच एक रीत ठाऊक. पण हिला मराठी भाजी-भाकरीपुरतं, मला सिंधी ओ की ठो नाही, आणि हिंदी दोघींचीही मोडकी. भाषांतर करायचं तर कशात करणार? मग मी बैलाकडे बोट दाखवून बैलाचं इंग्रजी सांगायची. बाटली हलवा हे सांगायला बाटली हलवायची. पोटात कळ येते हे सांगायला पोट धरून वाकायची, आणि म्हैस मान वळवून बघायची. कधी कधी हसून हसून आम्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी येई. त्या घरात मी एरवी हसल्याचं मला आठवत नाही.

ती भारी हुशार होती. चार दिवसांत घेतलेलं पुढच्या महिन्यापर्यंत विसरायची नाही; पापड लाटता लाटता घोकायची म्हणे. वर्ष सरत आलं तसं बाटलीवरचं काहीही समोर ठेवा, ती वाचून दाखवायची. किती चमचे, दिवसातून कितीदा, जेवणाआधी का नंतर, पोटात घ्यायचं का वरून लावायचं. संक्रांत झाल्यावर जेठ तिला मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेला. गेले ते चार-पाच दिवसांनी परत आले, पण काय घडलं ते मी बाहेर बसेपर्यंत मला कळलं नाही. ती मोटारीतून उतरली हे शेजारणीच्या तोंडून ऐकलं आणि तेव्हाच समजले, की ठेवून घेतलेलं नाही.

काय झालं ते तिने नंतर सांगितलं. मडमेने तिला एक कागद दिला, तिने तो घडाघडा वाचला. उत्तरं लिहायला सांगितली, तीही लिहिली. मग मडमेने कागद घ्यायला हात पुढे केला. हिने कागद जमिनीवर ठेवला आणि मागे सरकत सरकत दारापर्यंत गेली. मडम उठून जवळ आली, खांद्यावर हात ठेवायला गेली, तर ही अंग चोरून आणखी मागे. मडमेला वाटलं, ही आपल्याला विटाळ मानते. परक्या जातीची, परक्या धर्माची म्हणून शिवून घेत नाही. तिने दुभाष्याकडून जेठाला सांगितलं, की मुलगी हुशार आहे, पण जिला माणसाला हात लावायचा नाही तिला नर्स कसं करणार? मृग लागायच्या आधी पुन्हा मुली घेऊ, तोवर सुधारली तर आणा.

मी कपाळावर हात मारून घेतला. असं का केलंस, म्हणून मी तिला खडसावलं. तिच्या घरी तर असलं काही पाळत नव्हते, ती स्वतः मला हसली होती. ती गोंधळून म्हणाली,

"मुझे लगा, अंग्रेजी ऐसे ही बोलते हैं, दीदी. दूर से."

आधी मला हसू फुटलं. मग असा संताप आला की काय सांगू. तिचा नाही. मी वर्षभर तिला शब्द शिकवले होते आणि शब्दांबरोबर माझं कोंडलेपणही शिकवलं होतं. तिला वाटलं, शिकण्याची ही रीतच आहे, गुरूचा मान आहे. ती इमानदारीने तो मान घेऊन मडमेपुढे गेली होती, आणि त्यापायी तिची सुटका हातची गेली होती.

त्या दिवशी मी पडवीचं आतलं दार लोटून घेतलं आणि तिला म्हटलं, जवळ ये. बाटली माझ्या हातात दे. ती मागे सरली, माझ्यासाठी घाबरली. मी उठले, तिच्यापाशी गेले आणि तिचा हात धरला. त्या दिवसांत मला माणसाचा स्पर्श लग्नापासून झाला नव्हता. तिचा हात पापडाच्या पिठाने खरखरीत झालेला होता. मी तो बराच वेळ सोडला नाही. मग आम्ही मडम-मडम खेळलो. ती नर्स, मी मडम. ती मडम, मी आजारी. नाडी धर, कपाळाला हात लाव, डोळ्यांत बघून बोल. सासूबाईंची चाहूल लागली की टुणकन आपापल्या जागी. आता तिला बोलायला शिकवायचं होतं, आणि हाताशी चारच महिने होते. म्हणजे चार वेळा चार दिवस.

होळी आली आणि माझे दिवस चुकले.

ज्या गोष्टीसाठी घरातल्यांनी देव पाण्यात ठेवले होते ती झाली होती, आणि मला रडू कोसळलं. सांगितलं असतं तर घरात साखर वाटली असती. पण मग बाहेर बसणं बंद, शाळा बंद, आणि तिची कल्याणला रवानगी. मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना दुरूनच सांगितलं, की कावळा शिवला, आणि पोतं उचलून पडवीत जाऊन बसले. नेहमीसारख्या कापडाच्या घड्या भिजवून लुगड्याच्या आड वाळत घातल्या. सासूबाईंनी एकदा तिकडे पाहिलं, देवाजवळ जाऊन काहीतरी पुटपुटल्या आणि ताट सरकवून निघून गेल्या. त्यांची पाठ मला दिसली. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मागच्या दारातून टोपली आत येताना दिसली आणि मला बरं वाटलं.

यांनाही मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी आनंदाच्या भरात आईला सांगितलं असतं. त्यांचा दोष तेवढाच. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच सोंग केलं. तेव्हा उलट्या सुरू झाल्या होत्या. गोठ्याच्या वासावर खपून जायचं, पण जीव मेटाकुटीला यायचा. मी शेणाच्या टोपलीत ओकायची, तोंड पुसायची आणि तिला विचारायची, पेशंट झोपत नसेल तर काय करशील? तिला कळलं होतं. तिने मला गप्प बसायची खूण केली आणि दुकानातून सुंठेचा तुकडा आणून माझ्या हातात दिला. मी माझ्याच पोटातल्या जिवाला लपवत होते आणि ज्या कोपऱ्याचा मला इतका तिटकारा यायला हवा त्याच कोपऱ्यात बसण्यासाठी खोटं बोलत होते. बाहेर पडायचं दार मला सापडत नव्हतं, म्हणून मी आतल्या आत जागा बदलत होते.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर मी तिसऱ्यांदा बाहेर बसले. मला मातीचे डोहाळे लागले होते. पडवीची भिंत नखांनी खरवडून मी माती तोंडात टाकायची. हाताला आवर राहत नसे. पहिल्याच दिवशी दुपारी सासूबाई ताट घेऊन आल्या आणि भिंतीकडे बघतच राहिल्या. माझ्या उंचीला, बसल्या जागी हात पोचेल तिथे, भिंतीला खड्डा पडला होता. त्यांनी ताट खाली ठेवलं, तडक आत आल्या आणि माझ्या दंडाला धरलं. त्या पडवीत त्यांनी मला हात लावला तो पहिल्यांदाच.

"ऊठ. नातवाले गोठ्यात बसवलं वं तुनं? कायले?"

त्या उत्तराची वाट बघत नव्हत्या. रडत होत्या आणि मला ओढत होत्या. घरात नेऊन त्यांनी मला पाटावर बसवलं, ओटी भरली, दृष्ट काढली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मी सोंग का केलं, हे त्यांनी पुढेही विचारलं नाही. पहिलटकरणीला लाज वाटते, असं त्यांनी चार बायकांत परस्पर सांगून टाकलं.

त्या दिवसापासून मला जड उचलू देईनात, विहिरीवर जाऊ देईनात, एकटी म्हणून सोडीनात. दुधाचा पेला समोर. पायाशी कुणीतरी सतत. पडवीच्या मागच्या दाराला आडणा लागला. आणि सिंधीण पापड घेऊन पुढच्या दारी आली तेव्हा सासूबाईंनी तिला पायरीखालीच थांबवलं. विधवेची सावली गरोदर बाईवर नको. मी अमंगळ होते तोवर ती चालत होती; मी मंगल झाले आणि ती विटाळशी झाली. जागा आमच्या दोघींच्या तिथेच राहिल्या, फक्त दार मध्ये आलं.

मृगाच्या आधीची ती शेवटची दुपार मला चांगली आठवते. जेठ या वेळी तिला नेणार नव्हता. कल्याणची तारीख ठरली होती. ती एकटीच जाणार हे मला तिच्या टोपलीवरून कळलं, तिच्यात पापड थोडे आणि खाली लुगडं होतं. ती पायरीखाली उन्हात उभी. सासूबाई उंबऱ्यात बसून तूर निवडत होत्या. मी आत, चुलीजवळ. मला तिच्याकडून अजून एक प्रश्न करून घ्यायचा राहिला होता, आणि मडम नक्की तोच विचारणार होती. मी आतूनच मोठ्याने, मडमेच्या आवाजात, इंग्रजीत सुरू केलं. तू कुठून आलीस? काय काम येतं? ती दचकली, पण लगेच सरळ उभी राहिली आणि सासूबाईंच्या डोक्यावरून उत्तरं देऊ लागली. धुता येतं. जागता येतं. आजाऱ्याला हात लावता येतो, कुणालाही. सासूबाईंची मान एकदा इकडे, एकदा तिकडे.

मग मी विचारलं, घरच्यांना सोडून इथे कायमची राहशील? इतके दिवस या प्रश्नाला ती अडखळायची. या वेळी नाही अडखळली.

"आय हॅव नो हाऊस. आय कॅन स्टे एनीव्हेअर."

इतकं चोख वाक्य ती आधी कधी बोलली नव्हती. मला तिचा हेवा वाटला. नवरा मेलेल्या, घर सुटलेल्या बाईचा हेवा, आणि तो मी दुधाचा पेला पुढे ठेवून करत होते. सासूबाईंनी विचारलं, काय म्हनून राह्यली थे? मी खोटं बोलायला कंटाळले होते. म्हटलं, ती म्हणते, तिला घर नाही, म्हणून ती कुठंही राहू शकते. सासूबाईंनी सुपातला खडा काढून टाकला आणि हिला म्हणाल्या, बस झालं, जाय आता, ऊन लागन. ती वळली. मी दारापर्यंत जाऊ शकले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेठ आला. भावजय कालपासून नाही, वाशीमच्या गाडीत बसल्याचं कुणी सांगतं, तुमच्या सुनेला काही ठाऊक आहे का? सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याला गावभर ऐकू जाईल अशा आवाजात सुनावलं, की आमच्या घरी गरवार बाई आहे, आम्ही असल्या बाईला पायरी चढू देत नाही, विचार कोनालेई. तो बिचारा हात जोडून गेला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

पोळ्याच्या सुमारास त्याच्याच दुकानात पोस्टकार्ड आलं. तिला ठेवून घेतलं होतं. पांढरा झगा दिला होता, रात्रपाळी दिली होती. जेठ रागावला होता, पण वर्षभरात तोच गिऱ्हाइकांना सांगू लागला, की आमची भाभी नर्स आहे.

पोस्टकार्डाची बातमी आली त्या दुपारी सासूबाई माझ्या डोक्याला तेल लावत होत्या. माझं पोट वर आलं होतं, मी खाली बसलेली, त्या मागे पाटावर. मग त्यांनी मागूनच विचारलं, "तिथं म्हातारीले घेतेत का वं?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. मी हसले. हसल्यावर माझ्या केसांतला त्यांचा हात थांबला, तेव्हा कळलं की चेष्टा नव्हती. मी घाईने म्हटलं, "इंग्रजी यावं लागतं, आत्याबाई. ते शिकायला वेळ लागतो."

"हाव," त्या म्हणाल्या. "तुले तरी महिन्याले चार दिवस भेटत होते. माहे तं कवाचेच बंद झाले."

मग त्यांनी माझी वेणी घट्ट बांधली आणि तेलाचे हात पुसत चुलीकडे गेल्या.